हुआना बोरेरो : तीन पोट्टे, एक संगमरवरी पुतळा आणि निशिगंध

मागील अंकात 'दूरदेशीचे कवी' या पानावर क्यूबातील कवयित्री आणि चित्रकार हुआना बोरेरो हिच्याविषयी एक लहान टिपण आणि तिच्या शेवटच्या कवितेचा मी केलेला गद्य अनुवाद छापला होता. त्या अर्ध्या पानावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. एरवी या सदरात तीन-चार वेगवेगळे विषय असतात. या वेळी सगळी जागा हुआनालाच दिली आहे, आणि तशी ती द्यावी अशी माझी मनापासून इच्छाही होती.

प्रश्न : जेमतेम अठरा वर्षे जगलेल्या मुलीचे 'जीवन आणि कार्य' म्हणून काय सांगणार? आपल्या टिपणात तारखा फार त्रोटक होत्या. जरा नीट क्रमाने सांगाल का? (एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : हुआनाचा जन्म १८ मे १८७७ रोजी हवाना येथे झाला. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि १८६८ मध्ये पेटलेले तेथील पहिले स्वातंत्र्ययुद्ध दहा वर्षे चालून, हाती काही न लागता विझत आले होते. त्या युद्धात लढलेले एस्तेबान बोरेरो एचेव्हेरीया हे तिचे वडील. ते पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने कवी होते. घरात बहिणींचा मोठा गोतावळा होता आणि त्या घरात कविता ही पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायची गोष्ट नसून रोजच्या बोलण्यातली होती. पुढे १८९५ मध्ये या कुटुंबाच्या कवितांचे एक पुस्तकच निघाले आणि त्याला नावही 'कुटुंबाचा गट' असे अगदी साधे दिले गेले. हवानाच्या वेशीवरील पुएंतेस ग्रांदेस या वस्तीत, आल्मेंदारेस नदीच्या काठी त्यांचे घर होते. त्या काळचे हवानातील तरुण लेखक तेथे येत, कविता वाचत आणि रात्री उशिरा परत जात.

मुलीचा हात चित्रात चालतो हे वडिलांच्या लवकर लक्षात आले. दहाव्या वर्षाच्या सुमारास ती सान आलेहांद्रो या चित्रशाळेत शिकू लागली. १८१८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था क्यूबातील सर्वांत जुनी आणि मानाची कलाशाळा आहे. आर्मांदो मेनोकाल या नामवंत चित्रकाराचेही मार्गदर्शन तिला मिळाले. हे मेनोकाल पुढे स्वतः बंदूक घेऊन स्वातंत्र्ययुद्धात उतरले आणि युद्ध संपल्यावर त्याच युद्धाची चित्रे त्यांनी रंगवली.

कविता याच वयात छापून येऊ लागल्या. 'ला हबाना एलेगांते' हे त्या वेळचे महत्त्वाचे साप्ताहिक होते आणि त्यात नाव येणे म्हणजे वाचणाऱ्या हवानाने आपली दखल घेणे. १८९२ मध्ये वडिलांबरोबर ती न्यूयॉर्कला गेली. तेथे क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी पक्षाची उभारणी करण्यात होसे मार्ती रात्रंदिवस गुंतले होते. हे मार्ती स्वतः थोर कवी होते, क्यूबात आजही त्यांचे स्थान राष्ट्रपुरुषाचे आहे. एवढ्या धामधुमीतही त्यांनी पंधरा वर्षांच्या या मुलीसाठी चिकरिंग हॉल या सभागृहात कार्यक्रम ठेवला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या माणसाला पैसा, शस्त्रे आणि माणसे जमवायची होती, त्याला एका मुलीच्या कविता लोकांना ऐकवणे हे त्याच कामाचा भाग वाटले.

'रिमास' हा तिचा एकमेव कवितासंग्रह १८९५ चा. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला पुन्हा युद्ध पेटले आणि १९ मे रोजी, म्हणजे हुआनाच्या अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, मार्ती रणांगणावर मारले गेले. बंडखोरांशी संबंध असलेल्या कुटुंबांना हवानात राहणे कठीण झाले. १८९६ च्या जानेवारीत बोरेरो कुटुंब समुद्र ओलांडून फ्लोरिडाच्या टोकावरील की वेस्ट या बेटावर आले. क्यूबापासून दीडशे किलोमीटरांवर असलेले हे बेट तेव्हा सिगारचे कारखाने आणि निर्वासित क्यूबन लोक यांनी भरलेले होते. तेथे हुआना आजारी पडली आणि ९ मार्च १८९६ रोजी गेली. एकोणीस पूर्ण व्हायला दहा आठवडे बाकी होते.

आता आपल्या मूळ शंकेविषयी. अठरा वर्षे हे आयुष्य लहान खरेच. पण त्यातली आठ-नऊ वर्षे तिने शिकण्यात आणि कामात घालवली. तिला आपण 'अकाली गेलेली मुलगी' म्हणून वाचतो, तेव्हा हा सराव, ही मेहनत नजरेआड होते. म्हणूनच हा क्रम सविस्तर दिला.

प्रश्न : मी चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपण 'तीन पोरांचे चित्र' असा उल्लेख केलात, पण ते महत्त्वाचे का, हे सांगितले नाही. एकोणिसाव्या शतकात मुलांची गोड चित्रे तर सगळ्यांनीच काढली होती. (एक विद्यार्थी, सीताबर्डी)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. ते चित्र हवानाच्या राष्ट्रीय ललितकला संग्रहालयात आहे आणि त्याचे नाव आहे 'लोस पियुएलोस'. या शब्दाला प्रमाण मराठीत 'उनाड मुले' म्हणता येईल, पण त्यात मास्तरांचा राग येतो आणि मूळ शब्दात तो नाही. आपण दोघेही नागपूरचे असल्यामुळे मोकळेपणाने सांगतो की, 'बदमाश पोट्टे' हा त्याचा अचूक अनुवाद आहे. आपल्याकडे आजी ज्या सुरात हे म्हणते, तोच सूर त्या नावात आहे.

चित्रात तीन कृष्णवर्णी मुले एकमेकांना खेटून आहेत. कपडे जुने, फाटके. चेहऱ्यांवर हसू आहे, आणि चित्राचे सगळे मर्म त्या हसण्यात आहे. 'हस बेटा' म्हटल्यावर येते तसले हे हसू नाही. तिघांत काहीतरी आधीच घडून गेले आहे, आपण जरा उशिरा पोहोचलो आहोत आणि त्यांना ते आपल्याला सांगायचे नाही, असे ते हसू आहे. चेहरेही एका साच्यातले नाहीत. तिघे तीन वेगळ्या स्वभावांचे आहेत.

हे मोठे का, ते समजण्यासाठी आधीची चित्रे पाहावी लागतील. क्यूबात गुलामगिरी पूर्णपणे संपली ती १८८६ मध्ये, म्हणजे हुआना नऊ वर्षांची असताना. त्या आधीच्या काळात कृष्णवर्णी माणसांची चित्रे सर्वाधिक काढली ती स्पेनहून येऊन क्यूबात स्थायिक झालेल्या व्हिक्टोर पात्रिसिओ दे लांदालुसे याने. त्याचा हात तयार होता यात शंका नाही. पण त्याच्या चित्रांत माणूस येतो तो नमुना म्हणून. मालकाची टोपी घालून ऐट करणारा नोकर, नटलेली मुलाटो (गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाची) स्त्री, सणाच्या दिवशी नाचणारे लोक, असे ते नमुने आहेत आणि पाहणाऱ्याने त्यांना हसावे अशी त्यांची मांडणी आहे. हुआनाच्या चित्रात हे उलटे झाले आहे. येथे हसण्याचा अधिकार मुलांकडे आहे.

आणखी एक गोष्ट. हे चित्र १८९६ चे, की वेस्ट येथील आहे. ती तेथे जानेवारीत आली आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, हे वर आलेच आहे. म्हणजे घर सुटलेले, वडील परागंदा, ज्याच्याशी लग्न ठरवले तो समुद्रापलीकडे, अंगात आजार, अशा आठवड्यांत तिने हे चित्र रंगवले. त्याच आठवड्यांत तिने ती शेवटची कविताही केली, जिच्यात दुःखाच्या रात्रींशिवाय दुसरे काही नाही. एकाच माणसाने, एकाच बेटावर, जवळपास एकाच वेळी हे दोन्ही केले. कविता वाचून तिच्या मनःस्थितीविषयी निकाल देणाऱ्या प्रत्येकाने शेजारी हे चित्र ठेवून पाहावे, असे मला वाटते. रस्त्यावरच्या तीन पोरांकडे इतक्या आस्थेने बघणारी मुलगी केवळ मरणाची वाट पाहत बसलेली नव्हती.

आपल्याला माझी एक विनंती आहे. छापील प्रतिमा मिळवून या तीन चेहऱ्यांची पेन्सिलने नक्कल करून बघा. डोळ्यांपेक्षा तोंडाच्या कडा सांभाळणे किती कठीण आहे, ते हातालाच कळेल.

प्रश्न : तिचे खरे प्रेम कोणावर होते, कवी कासालवर की कार्लोसवर? आणि तिने रक्ताने पत्र लिहिले, हे खरे आहे का? (एक वाचक, महाल)

उत्तर : हुलियान देल कासाल हा क्यूबाच्या नव्या कवितेचा अग्रणी. तो हुआनापेक्षा साडेतेरा वर्षांनी मोठा होता आणि बोरेरोंच्या घरी येत असे. तिच्या बुद्धीचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. त्याने तिच्यावर गद्य व्यक्तिचित्र लिहिले, आणि 'दुःखी कुमारिका' या अर्थाच्या शीर्षकाची एक कविताही लिहिली. त्या कवितेच्या शेवटी तो म्हणतो की, मी तुझ्यावर भावासारखी माया करतो, कारण लवकर मरणाऱ्या जिवांची उदासी मला आताच तुझ्यात दिसते. नियती अशी की, आधी गेला तो स्वतः, २१ ऑक्टोबर १८९३ रोजी, तिशीही गाठण्याआधी. हुआनाच्या मनात त्याच्याविषयी जे होते, त्याला प्रेम म्हणायला हरकत नाही. ती तेव्हा सोळा वर्षांची होती.

कार्लोस पीओ उरबाख हा तरुण कवी पुढे आला. त्याने भाऊ फेदेरिको याच्यासह १८९४ मध्ये 'हेमेलास', म्हणजे 'जुळ्या', हा संग्रह प्रसिद्ध केला होता. हुआना आणि कार्लोस यांच्यातील पत्रव्यवहार म्हणजे जवळजवळ एक वर्षाची अखंड दैनंदिनीच आहे. घरून या संबंधाला विरोध असल्यामुळे भेटी थोड्या आणि कागद फार, असे झाले. रक्ताने लिहिलेले पत्र आहे, हे खरे. पण आपली क्षमा मागून सांगतो, तिच्या दोनशेहून अधिक पत्रांपैकी लोकांना तेवढे एकच आठवते, याचे मला वाईट वाटते. बाकीच्या पत्रांत ती वाचनाविषयी लिहिते, चिडते, संशय घेते, समजूत काढते, स्वतःच्या कवितेचे माप काढते. ही पत्रे १९६६ आणि १९६७ मध्ये दोन खंडांत छापली गेली, तेव्हा कवितेइतकीच तिची गद्यलेखिका म्हणूनही योग्यता वाचकांना कळली.

कार्लोस तिच्यानंतर फार जगला नाही. तोही युद्धात गेला आणि १८९७ च्या अखेरीस, स्वातंत्र्य दृष्टिपथात येण्यापूर्वी, मरण पावला.

कासालच्या त्या ओळीविषयी माझे मत कठोर आहे. ओळ सुंदर आहे, पण तिने हुआनाचे नुकसान केले. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला एका मान्यवर कवीने छापील शब्दांत 'तू लवकर जाणार' असे सांगावे आणि पुढे तसेच घडावे. मग वाचकाला तिच्या प्रत्येक ओळीत मृत्यूच दिसू लागतो. तिला तिच्या स्वतःच्या शब्दांवरून ओळखावे, दुसऱ्याच्या भाकितावरून नव्हे.

प्रश्न : हे सगळे वाचून तोरू दत्त आठवली. ही तुलना योग्य होईल का? (एक वाचक, रामदासपेठ)

उत्तर : फारच योग्य होईल. तोरू ही बंगाली कवयित्री ३० ऑगस्ट १८७७ रोजी कोलकात्यात अकाली वारली, तेव्हा हुआना साडेतीन महिन्यांची होती. तोरूच्या घरच्यांच्या कवितांचेही एक पुस्तक होते, 'दत्त फॅमिली अल्बम', १८७० चे. दोघींनाही लिहिणारे वडील लाभले. फरक भाषेचा आहे. तोरूने इंग्रजी आणि फ्रेंच या परक्या भाषांत लिहिले आणि हुआनाने मातृभाषेत, तीही अशा वेळी की, स्पॅनिश कविता नवे रूप घेत होती. त्या बाबतीत तिचा शेजारी शोधायचा तर आपल्या केशवसुतांकडे जावे लागेल. मराठीत त्यांचे पहिले सुनीत १८९२ चे. हुआनाही त्याच काळात त्याच चौदा ओळींच्या बांधणीत लिहीत होती.

प्रश्न : क्यूबात कवी असून चित्रकारही असलेले आणखी कोणी आहेत का? (एक वाचक, वर्धा रोड)

उत्तर : हुआनाची धाकटी बहीण दुल्से मारिया बोरेरो (१८८३–१९४५) हीच पहिली. तिचा 'माझ्या आयुष्यातले तास' या अर्थाच्या नावाचा संग्रह १९१२ चा. नंतरच्या काळात सामुएल फेइहो (१९१४–१९९२) आणि फायाद हामिस (१९३०–१९८८) ही दोन नावे घ्यावी लागतात. हामिस जन्माने मेक्सिकोचा आणि वडिलांकडून लेबनीज. पण लहानपणीच क्यूबात आला आणि तेथलाच झाला. दोघांवरही स्वतंत्रपणे लिहीन.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. चित्रे काढते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा तिने चांगल्या श्रेणीत दिल्या आहेत, कविताही करते. घरात सगळे म्हणतात की, एक काहीतरी धर, दोन्ही होणार नाही. आपले मत काय? (एक आई, प्रतापनगर)

उत्तर : ताई, मी शिक्षणतज्ज्ञ नाही, पण हुआनाच्या कामात मला जे दिसले ते सांगतो, त्यावरून आपणच ठरवा.

तिचे 'अपोलो' नावाचे एक सुनीत आहे. त्यात बोलणारी स्त्री अपोलो देवाच्या संगमरवरी पुतळ्यासमोर उभी आहे. सुरुवातीच्या ओळींत ती फक्त पाहते. त्याचा ताठपणा, त्याची झळाळी, कपाळाभोवती उतरलेले केसांचे वळसे. मग ती त्याच्या गळ्यात हात घालते, कपाळावर ओठ टेकवते आणि त्याला जिवंत करू बघते. शेवटी हजार चुंबने त्या थंडगार दगडावर विझून जातात. लोक ही विफल प्रेमाची कविता समजतात, ते बरोबरही आहे. पण चित्रशाळेत विद्यार्थ्यांना काय शिकवतात, ते आठवा. जुन्या पद्धतीच्या प्रत्येक कलाशाळेत ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्रतिकृती समोर ठेवून तासन्‌तास रेखाटन करावे लागे. केसांचा एकेक वळसा, नाकाच्या कडेची सावली, आणि समोरचा चेहरा काही केल्या आपल्याकडे बघत नाही. माझी खात्री आहे की, ही कविता त्या बाकावर बसल्याशिवाय सुचली नसती. केसांच्या वळशांचे ते वर्णन पेन्सिल धरलेल्या हाताचे आहे.

तेव्हा मुलीने 'दोन गोष्टी' धरल्या आहेत, असे समजूच नका. तिने नीट बघणे ही एकच गोष्ट धरली असेल आणि ती दोन वाटांनी बाहेर येत असेल. एक वही द्या, जिच्या डाव्या पानावर चित्र आणि उजव्या पानावर शब्द असतील. वाचायला मागू नका. महाराजबागेत किंवा अंबाझरीच्या काठावर तिला एक-दोन तास सोडा आणि घड्याळ बघू नका. दहावीचा अभ्यास आपल्या जागी आहेच. एक गोष्ट मात्र बोरेरो कुटुंबाकडून अवश्य घ्या. त्यांनी मुलीच्या छंदाचे कौतुक करून विषय संपवला नाही, तर तिला कसलेल्या गुरूकडे पाठवले. आपल्या शहरात चित्रकलेचे उत्तम शिक्षक आहेत. चुका दाखवणारा एखादा शोधा.

प्रश्न : माझे फुलांचे दुकान आहे. आपण केलेल्या अनुवादात 'आत्म्यात जटामांसीचा सुगंध' असे शब्द आहेत. जटामांसी हे काष्ठौषधीच्या दुकानातले मूळ आहे. प्रेमाच्या कवितेत ते कुठून आले? (एक वाचक, सीताबर्डी फूलबाजार)

उत्तर : आपले मनःपूर्वक आभार. चूक माझी आहे आणि ती आपण नेमकी पकडली.

मूळ स्पॅनिश शब्द 'नार्दो' असा आहे. कोशात त्याचे दोन अर्थ मिळतात. एक जटामांसी, जिचे तेल बायबलमध्ये येते. आणि दुसरा, ज्याला आपण निशिगंध म्हणतो ते फूल, जे आपल्याकडे रजनीगंधा आणि गुलछडी या नावांनीही विकले जाते. मी पहिला अर्थ उचलला, कारण कवितेचा सूर मला प्रार्थनेसारखा वाटला. पण रोजच्या स्पॅनिशमध्ये नार्दो म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो निशिगंधच; हे झाड मुळात शेजारच्या मेक्सिकोचे आहे आणि स्पॅनिश लोकांच्या हातून जगभर गेले. हवानातल्या मुलीला आणि नागपूरच्या आपल्याला एकच फूल ठाऊक असावे, आणि मी मध्ये कोश घेऊन बसल्यामुळे ते दोघांच्याही हातून निसटावे, याची खंत वाटते.

हा बदल केवळ नावाचा नाही. निशिगंध दिवसा गप्प असतो आणि संध्याकाळ उतरली की वास सोडू लागतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. लग्नसराईत आपल्या दुकानासमोरून रात्री आठ वाजता जाणाऱ्यालाही ते कळते. हुआनाची ही कविता पहिल्या ओळीपासून रात्रींची आहे. आणि निशिगंधाचा वास मंद कधीच नसतो, तो घर भरून टाकतो. तरीही तिने त्याला जोडलेले विशेषण 'पुसट', 'विरळ' अशा अर्थाचे आहे. म्हणजे फूल तिने सर्वांत उग्र गंधाचे निवडले आणि मागितला तो त्याचा फक्त मागे राहिलेला लेश, जसा हार काढून ठेवल्यावर काही वेळ हातांना राहतो. त्या चुंबनात तहान नको, ज्वर नको, आग नको, असे ती कवितेत आधी दोनदा सांगते. त्या मागणीशी हा उरलेला गंध किती नेटका जुळतो, ते जटामांसीच्या घोटाळ्यात मला दिसलेच नव्हते.

ज्या वाचकांनी मागील अंक जपून ठेवला असेल, त्यांनी शेवटची ओळ कृपया अशी दुरुस्त करून घ्यावी : 'माझ्या त्या रात्रींत पाहिलेले चुंबन मला दे, जे माझ्या ओठांवर एक तारा ठेवून जाईल, आणि आत्म्यात निशिगंधाचा पुसटसा गंध.'